समेवरची मान

पुण्यात माझ्या हातांपेक्षा माझी मान जास्त प्रसिद्ध आहे. हात काय, सगळ्याच तबलजींना असतात. मान मात्र माझी एकट्याची.

हे कळायचं तर आधी सम कळायला हवी. ज्यांना कळते त्यांनी तेवढ्यात चहा घ्यावा. ताल म्हणजे गोल रस्ता. गाणारा आपल्या तऱ्हेने हिंडतो, मी ठेका धरून चालतो, आणि फिरून फिरून आम्ही दोघं ज्या मात्रेवर एकदम पाय ठेवतो ती सम. गाण्याचा शब्द आणि माझा ‘धा’ तिथे एका क्षणी पडले की सभागृहातली यच्चयावत डोकी एकदम खाली जातात. सगळ्यांची चप्पल एकाच वेळी हरवावी आणि सगळे खुर्चीखाली वाकावेत, तशी.

आणि गाणारा चुकला तर? तर तबलजीने तोंडातून अक्षर काढायचं नसतं. नुसती मान वळवायची त्याच्याकडे. सावकाश. भुवई तांदळाच्या दाण्याएवढी वर. ओठाच्या कोपऱ्यात चिमूटभर क्षमा. ‘असू दे, मी आहे ना.’ एवढ्यात अख्ख्या सभागृहाला समजतं कोण चुकलं ते. या मानेच्या जोरावर मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. एका गवयाने तर ती वळायच्या धास्तीने गाणंच सोडलं आणि जावयाच्या फर्निचरच्या दुकानात गल्ल्यावर जाऊन बसला. त्याचं गाणं ऐकलेली माणसं अजून मला रस्त्यात थांबवून हात जोडतात.

एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल की मी थोडं वाढवून सांगतो. आमच्या बायकोचं म्हणणं असं, की माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा केलं तरी उरतं ते दुप्पट असतं. पण मी तरी काय करू? हडपसरजवळच्या मांजरी गावात एकदा उसाच्या फडाला लागून मांडव घातला होता. मी द्रुत तीनताल असा काही वाजवला, की संपेपर्यंत ऊस एक पेर वाढला. फडाचा मालक येऊन म्हणाला, “लय भारी हाय बुवा, पण आता ह्यो गाडीत मावंल का?” हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की आता मला तो ऊस वाढताना दिसतो.

असंच एकदा मैफिलीनंतर माईक हातात घेऊन मी लोकांना सांगत होतो, की विशिष्ट ठेक्याने रक्तदाब उतरतो. कार्यक्रम संपल्यावर चष्मा साखळीला लावलेल्या एक बाई पुढे आल्या.

“गुरुजी, ठेक्याने रक्तदाब उतरतो म्हणालात.”

“उतरतोच.”

“कोणाचा?”

“सगळ्यांचा.”

“माझा चढला.”

या बाई मानसशास्त्राच्या प्राध्यापिका निघाल्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या. संगीत ऐकताना मेंदूत काय होतं, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यांनी मला चांगलं तासभर झापलं आणि मग म्हणाल्या, “तुम्ही वाजवता फार छान. फक्त बोलू नका. बोलणं माझ्याकडे द्या.” अशी आमची जोडी जमली. अर्धा वेळ कार्यशाळा, अर्धा वेळ मैफल. त्या पडद्यावर मेंदूची चित्रं दाखवणार, मी आणि एखादा गाणारा ते प्रत्यक्ष करून दाखवणार. बोलायचं नाही हे मला जमणं शक्यच नव्हतं, म्हणून एक तडजोड झाली. मी ‘होतं’ म्हणायचं नाही, ‘होऊ शकतं’ म्हणायचं. “गुरुजी, ‘शकतं’!” असं त्या विंगेतून कुजबुजायच्या, आणि पुढच्या रांगेतले लोकही माझ्याआधी “शकतं” म्हणायला लागले होते.

बाईंचा मुख्य मुद्दा असा, की मेंदू ऐकत बसत नाही, तो पुढचं ओळखत असतो. सम यायच्या आधीच तो समेवर जाऊन बसलेला असतो. हे त्या अवघड शब्दांत सांगायच्या. मी ते सोपं केलं. म्हटलं, “अहो, स्वारगेटला गाडी फलाटाला लागायच्या आत माणूस खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो की नाही? मेंदू तोच. समेवर रुमाल टाकून ठेवतो.” सभागृह असं हसलं की बाहेर रिक्षा थांबल्या. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “हे मी चोरणार आहे,” म्हणाल्या. बाईंकडून एवढं ऐकायला मिळालं, हे मी वाढवून सांगत नाही.

मग बाईंच्या यजमानांनी बुधवार पेठेतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून दारावरच्या घंटीची बटणं आणली, त्यांना वायरी जोडल्या, आणि दर खुर्चीला एक बटण आलं. श्रोत्यांनी गाणं ऐकता ऐकता, सम येईल असं वाटेल त्या क्षणी बटण दाबायचं. संगणक ते सगळं गोळा करणार, आणि मध्यंतरानंतर बाई त्याचा आलेख पडद्यावर दाखवणार. माझ्या डग्ग्याजवळ एक छोटा माईक आणि गाणाऱ्याजवळ एक, म्हणजे आम्ही प्रत्यक्षात कुठे आलो तेही त्यावर दिसणार. मी म्हटलं, माझी रेघ काढायची काही गरज नाही. मी चुकलो तर सूर्य कात्रजच्या बाजूने उगवेल. बाई म्हणाल्या, “उगवू शकतो.”

या वर्षी एरंडवण्यातल्या कार्यक्रमाला गायला एक मुलगी होती. यवतमाळकडची. हिंजवडीला नोकरी करायची आणि पहाटे उठून रियाज. गळा असा स्वच्छ, की तिने षड्ज लावला की आजूबाजूचे लोक आपोआप घसा साफ करायचे. पुण्यात व्यासपीठावर बसायची ही तिची पहिलीच वेळ. आणि तिसऱ्या रांगेत इथल्या एका जुन्या संगीत मंडळाचे सचिव मुद्दाम येऊन बसले होते. हिवाळ्यातल्या त्यांच्या सकाळच्या बैठकीसाठी त्यांना नवा गळा हवा होता. तिला ते माहीत होतं. मलाही. गाडीतून येताना तिने एकच विनंती केली होती: “काका, मी घाबरले तर नुसता साधा ठेका ठेवाल ना?”

“तू गा गं,” मी म्हटलं. “मी असताना घाबरायचं म्हणजे हत्तीवर बसून कुत्र्याला भिण्यासारखं आहे.”

ती घाबरली नाही. मध्यलयीतली बंदिश अशी सुरू केली, की सचिवांनी टेकलेली पाठ खुर्चीवरून उचलली. बटणांची बारीक टकटक समेवर एकदम व्हायची, पत्र्यावर मूठभर तांदूळ टाकल्यासारखी. पहिला भाग संपत आला, आणि तिने शेवटच्या आवर्तनात मला वाजवायला जागा दिली.

साधा ठेका ठेवायला काय हरकत होती? पण सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. मी एक लांबलचक तिहाई उचलली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून बरोबर समेवर यायचं. पहिला तुकडा झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्यात मी मोजायचं सोडून ऐकायला लागलो. स्वतःलाच. काय वाजवतोय, वा! आणि आकडा हातातून सुटला.

तिचा शब्द समेवर पडला. माझा ‘धा’ पडला तो त्यानंतर एका मात्रेने.

एक मात्रा म्हणजे केवढी? डोळा मिटून उघडायला लागतो तेवढी. तेवढ्यात माणसाने काय काय करावं! मला लाज वाटायला वेळ मिळाला नाही, भीती वाटायला मिळाला नाही. त्याआधीच माझी मान वळली. तिच्याकडे. सावकाश. भुवई वर. ओठाच्या कोपऱ्यात क्षमा.

मी ते ठरवून केलं असं म्हणालो तर फुशारकी होईल. नकळत झालं म्हणालो तर ती त्याहून मोठी. इतकी वर्षं ती मान कोणाच्या चुकीने वळते, हे तिला कधी विचारावंच लागलं नव्हतं.

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर तिच्या कपाळावर एक आठी आली. ती मनात मोजून बघत होती. मग आठी गेली, आणि सगळ्यांसमोर तिने उजवा हात उचलून कानाच्या पाळीला लावला. माफी मागतात तसा. माझ्या समेला बंदिशीच्या पहिल्या ओळीचा मुखडा जुळवून घेतला आणि भाग संपवला.

सभागृहातून एक हलकंसं “च्च” आलं. प्रेमाचंच. पुण्यात प्रेमही तसंच येतं.

मध्यंतरात सचिव कॉफीचा कप सांभाळत माझ्याकडे आले. “मुलगी गळ्याने गोड आहे हो. पण लयीला कच्ची. तुम्ही सांभाळून घेतलंत म्हणून निभावलं. बैठकीसाठी मनात होती, पण आता... पुढे कधीतरी बघू.”

मी म्हणालो, “हं.”

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं वाक्य. मी, जो उसाच्या एका पेरावर पाऊण तास बोलतो!

तेवढ्यात बाईंनी विंगेतून हाक मारली. “गुरुजी, जरा इकडे या.” लॅपटॉपवर आलेख होता. “हा डोंगर दिसतो ना? ही सगळ्या सभागृहाची बोटं. एका जागी. त्याच्या माथ्यावर ही हिरवी रेघ, ती गाणारीची. आणि हा पलीकडे एकटाच उभा आहे, तो कोण?”

“यंत्र बिघडलंय,” मी म्हटलं. “बुधवार पेठेतला माल.”

“बरं.”

“किंवा... मुद्दाम केलं मी! प्रयोग! लोकांचा रुमाल एका जागी, आणि मी दुसऱ्या जागी. धक्का! तुमचाच विषय आहे बाई. असंच सांगू या ना, ठरवून केलं म्हणून.”

बाईंनी चष्मा छातीवर सोडला. “सांगा की. मला काय, उदाहरण झकास आहे. फक्त आधी तिला सांगा, की तिने ठरवून कान धरला होता.”

मी ग्रीनरूमकडे गेलो. वाटेत ती गोष्ट मी छान रचली होती. दारापाशी पोचलो तर ती पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. “चुकलं वं आई माहं. साऱ्या लोकायसमोर.” मग बराच वेळ ऐकत राहिली. “नाही वं, रडत नाही मी. पण मले वाटलं मी बरोबर आहो. तेच तर समजत नाही.”

मला बघून तिने फोन ठेवला, डोळे पुसले आणि आमच्या पुण्याच्या मराठीत आली. “सॉरी काका. तुम्ही सांभाळून घेतलंत. पुढच्या भागात लय जरा उतरवू का? मला आता माझा भरवसाच वाटत नाहीये.”

मला बोलता आलं असतं. अजून कोणी नव्हतं तिथे. मी म्हणालो, “गरम पाणी पी.” आणि तिथून निघून आलो. लाजेने माणूस लाल होतो म्हणतात. मी नाही झालो. मला थंडी वाजली, मे महिन्यात.

दुसरा भाग सुरू झाला. आम्ही दोघं व्यासपीठावर बसलेले आणि बाई माईकपाशी. त्यांनी आलेख लगेच दाखवला नाही. आधी विचारलं, “मघाशी शेवटच्या तिहाईला सम चुकली. कोणाची? गाणारीची असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

असे हात मी फक्त प्रसादाच्या गर्दीत पाहिलेत. मांडीवर ताल धरून बसणारे जुने जाणकार, सचिव, सगळे. आणि माझ्या शेजारी, तानपुऱ्याआडून, अर्धाच वर आलेला तिचा स्वतःचा हात.

“आणि तबल्याची?”

एकच हात. मागच्या रांगेत, कडेला. आमच्या बायकोचा. (नंतर विचारलं तर म्हणाली, “तुम्ही चुकलात की तुमचा डावा खांदा वर जातो. लग्नापासून बघतेय.”)

मग बाईंनी आलेख लावला. डोंगर, हिरवी रेघ, आणि लांब एकटी लाल रेघ. “ही तुमचीच बोटं आहेत,” त्या म्हणाल्या. “बोटांनी सम बरोबर गाठली, गाणारीबरोबर. बोटांना माहीत होतं. मग हात वर करताना काय झालं? मधे तुम्ही काहीतरी पाहिलंत. ते पाहिल्यावर आपण काय ऐकलं होतं, याची आठवणच बदलली.”

एका आजोबांनी पुढून विचारलं, “अहो, पण ती मागे राहिलेली लाल रेघ कोणाची?”

“ते गुरुजी सांगतील,” बाई म्हणाल्या आणि माईक माझ्या हातात दिला. पहिल्यांदाच, आपण होऊन.

माईक हातात आला की मला गोष्टी सुचतात. त्या वेळीही चार सुचल्या, चारही उत्तम. मी म्हणालो, “माझी. मी चुकलो.”

आणि लोक हसले. आधी दोघं-तिघं, मग सगळे. टाळ्या! सचिव उभे राहून म्हणाले, “काय नाटक वठवलंत गुरुजी! त्या मुलीलासुद्धा सामील करून घेतलंत!”

“नाही हो, खरंच चुकलो.”

आणखी टाळ्या. मी जितकं खरं बोलत गेलो तितके लोक खूश होत गेले. ऊस वाढला तेव्हा कोणी एवढा संशय घेतला नव्हता. आयुष्यभर मी जे पेरलं होतं ते असं एकदम तरारून आलं.

तिने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “काका, हे ठरलेलं होतं?”

टाळ्या चालूच होत्या. ‘हो’ म्हटलं असतं तर सचिवांची बैठक तिला मिळाली असती, माझी मान वाचली असती, बाईंचं उदाहरण रंगलं असतं. सगळ्यांचं भलं. फक्त सकाळी रियाजाला बसल्यावर, आपल्याला नीट ऐकू आलं होतं की नाही, हे तिला कधीच कळलं नसतं.

“नाही,” मी म्हणालो. “तू बरोबर होतीस. मी चुकलो, आणि वर तुझ्याकडे मान वळवली.”

माझ्याशी नाही, स्वतःशीच ती म्हणाली, “मग मी कान का धरला?”

याचं उत्तर बाईंच्या शास्त्रात असेल. मी माईक खाली ठेवला, तबल्यावरून हात काढले, तिच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही कान धरले. नुसतं बोट लावलं नाही, शाळेत धरायला लावायचे तसे धरले. हसणं अजून चालू होतं. मी सोडले नाहीत. हळूहळू एकेक जण गप्प होत गेला. शेवटी सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. त्या शांततेत बसायला मला जड गेलं. टाळ्यांपेक्षाही जड.

मला वाटलं होतं ती म्हणेल, ‘असू दे काका.’ तिने तसं काही म्हटलं नाही. तानपुरा मांडीवर नीट घेतला.

“ठेका धरा काका. साधा. तिहाई नको.”

तीच बंदिश तिने पुन्हा घेतली, माझ्याकडे न बघता, डोळे मिटून. मी ठेका धरला. सम आली तेव्हा सगळी डोकी खाली गेली. माझंही. बाकीच्यांची वर आली.

सचिवांनी तिला बैठक दिली. तिचा फोन आला, बोलणं गोड आणि मोजकं. “काका, तबल्याला मी दुसऱ्या एका मुलाला सांगितलंय. राग मानू नका. तुम्ही समोर ऐकायला या.”

गेलो. बायको बरोबर होती. डिसेंबरातली सकाळ, लोक शाली घेऊन बसलेले. तबल्याला बसलेल्या मुलाचा हात तयारीचा होता, आणि तयारी दाखवायची घाई माझ्यासारखीच. एका आवर्तनात त्याचा ‘धा’ थोडा घसरला. आणि त्याची मान वळायला लागली. सावकाश. भुवई वर. ही मान तो कुठे शिकला असेल हे मला विचारावं लागलं नाही. लहानपणापासून तो माझ्याच कार्यक्रमांना पुढे बसायचा.

तिने पाहिलं. हात मांडीवरच राहिला. आपल्या जागी ती गातच राहिली, आणि पुढच्या समेला तो पोरगा निमूट तिच्याकडे आला.

तिचा शब्द पडला तेव्हा माझा अंगठा, तिथे बटण असल्यासारखा, खुर्चीच्या हातावर दाबला गेला होता. बरोबर तिथेच. निदान मला तरी तसं वाटलं.

“मान अवघडली का हो?” बायकोने विचारलं. “मघापासून खालीच आहे.”

“दाद देतोय,” मी म्हणालो.

तिने शाल सावरली आणि पुढे बघितलं. निम्मं वजा करत असणार.